पेशंट शुद्धीवर आहे, पण सही करता येत नाही: बँकेचं काय करायचं?

ताई, तुमची पोस्ट वाचली. मिस्टरांना जीबीएस (गियाँ-बारे, मज्जातंतूंचा आजार, त्यात अंग लुळं पडतं), ट्रॅकी (श्वासासाठी गळ्यातून नळी) करून व्हेंटिलेटरवर, बोलता येत नाही, हात उचलत नाही. एफडी त्यांच्या एकट्याच्या नावावर, आणि बँक म्हणते "त्यांना घेऊन या". ते शेवटचं वाचून डोकंच फिरलं. आम्हालाही शाखेतल्या साहेबांनी हेच ऐकवलं होतं. आयसीयूतल्या माणसाला घेऊन या म्हणे!

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, वकील नाही, बँकेत नोकरीलाही नव्हते. माझ्या मिस्टरांना हा आजार झाला तेव्हा जे कळलं तेवढंच लिहितेय. प्रत्येक पेशंट वेगळा, प्रत्येक बँक वेगळी. तुमच्या डॉक्टरांचं आणि एखाद्या वकिलाचं ऐकाच.

आयव्हीआयजी (शिरेतून देतात ती अँटिबॉडीजची बाटली) की प्लाझ्मा (रक्तातला द्रव बदलणं), किती दिवस व्हेंटिलेटर, यात पडत नाही. ते डॉक्टरांनी ठरवलंच असेल. फक्त खर्चाचा अंदाज बांधायला एक हिशोब लक्षात ठेवा: आयव्हीआयजी साधारण किलोला २ ग्रॅम देतात. ६० किलोचा माणूस म्हणजे १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. एकेका बाटलीची किंमत ब्रँडप्रमाणे बदलते, त्यामुळे विचारायला लाजू नका. बाटलीवरचं स्टिकर आणि औषधाचं बिल फाईलला लावून ठेवा, विमावाले पुढे मागतात.

आता बँक. मी सविस्तर लिहिणार आहे, कारण आजारापेक्षा मला जास्त रडवलं ते या बँकेनं.

नाव घेत नाही. मिस्टरांचा पगार वर्षानुवर्षं तिथेच जमा होत होता. शाखेतले सगळे नावानं ओळखायचे, दिवाळीला कॅलेंडर घरपोच द्यायचे. मी एफडीची पावती, आधार, हॉस्पिटलचा कागद घेऊन गेले. पहिलं उत्तर, "सही लागेल." म्हटलं, बोटं हलत नाहीत, अंगठा घ्या. "खातं सहीचं आहे, अंगठा चालणार नाही." म्हटलं, नॉमिनी मी आहे. त्यावर समोरच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "नॉमिनीचं ते गेल्यावर बघतात." कायद्यानं बरोबर आहे हो, नॉमिनीला खातेदार हयात असताना काही हक्क नसतो. पण नवरा व्हेंटिलेटरवर असलेल्या बाईशी कसं बोलायचं, हेही कुणीतरी शिकवायला हवं.

मग म्हणाले, पॉवर ऑफ अॅटर्नी आणा. त्यावरही त्यांचीच सही लागते, हे माझ्यासारख्या बाईला कळलं आणि त्यांना नाही! पुढच्या खेपेला सांगितलं, कोर्टातून पालकत्व आणा. वकिलांकडे गेले तर ते म्हणाले, "वहिनी, हायकोर्टातून पालक नेमून घेतात तो कोमातल्या माणसासाठी. तुमचे मिस्टर तर डोळ्यांनी हिशोब विचारतायत." खरंच होतं ते. जीबीएसमध्ये मार बसतो तो हातापायांच्या मज्जातंतूंना, डोकं शाबूत असतं. माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, नुसतं हलता येत नाही. आणि बँकेच्या लेखी तो जिवंतांतही नाही, मेलेल्यांतही नाही.

तोवर हॉस्पिटलच्या काउंटरवरून रोज "डिपॉझिट भरा". पाटल्या सोनेतारणाला गेल्या, दीरांनी उसने दिले. स्वतःचे पैसे बँकेत पडून, आणि व्याज आम्ही दुसऱ्यांना भरतोय.

ताई, आता महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहकसेवेच्या १ जुलै २०१५ च्या मास्टर सर्क्युलरमध्ये वृद्ध, आजारी आणि असमर्थ खातेदारांसाठी वेगळा भाग आहे. नियम त्याच्याही आधीपासूनचे आहेत. सही करता येत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, दोघे बँकेच्या ओळखीचे, आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. ठसाही देता येत नसेल आणि बँकेतही येता येत नसेल, तर पैसे काढायच्या फॉर्मवर नुसती खूण चालते, साक्षीदार तसेच दोन. पैसे कोण नेणार हे खातेदारानं दाखवायचं, आणि त्या माणसाची सही बँकेनं घ्यायची. म्हणजे अधिकाऱ्यानं हॉस्पिटलात यायचं असतं, पेशंटनं शाखेत नाही. नंतर परिपत्रकांची नावं, क्रमांक बदलत राहतात, म्हणून तारखेवर वाद न घालता "असमर्थ खातेदाराची सोय" असं म्हणा.

अर्ज शाखाधिकाऱ्याच्या नावे लेखी करा. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. त्या पत्रात तीन गोष्टी हव्यातच: पेशंट शुद्धीवर आहे, त्याला विचारलेलं समजतं आणि खुणेनं उत्तर देता येतं, हातातल्या अशक्तपणामुळे सही करता येत नाही. खाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का. आमच्या पहिल्या पत्रात नुसतं "आयसीयूत दाखल, गंभीर" लिहिलं होतं, आणि ते वाचून बँक आणखीच बिचकली. एफडी मोडून रक्कम थेट हॉस्पिटलच्या खात्यात आरटीजीएस करा असंही लिहा. रोख बायकोच्या हातात जात नाही म्हटलं की साहेबांचा जीव भांड्यात पडतो. दुसरा साक्षीदार नातेवाईक नको. त्याच शाखेत खातं असलेला शेजारी किंवा ओळखीचा दुकानदार बघा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. तोंडी "नाही" ऐकून परत येऊ नका, नकार लेखी मागा. लेखी नकार द्यायचा म्हटलं की निम्मे लोक जागे होतात. शाखेतून हलत नसेल तर विभागीय कार्यालयाला आणि नोडल अधिकाऱ्याला (बँकेतला तक्रारी बघणारा अधिकारी) ईमेल. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (१४४४८ वर माहिती मिळते) तक्रार करता येते, पण त्याआधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात. आयसीयूतल्या माणसाला त्याचा काय उपयोग? तरी ईमेलमध्ये लोकपालाचा उल्लेख जरूर करा. आमचं काम विभागीय कार्यालयातल्या एका बाईंनी केलं. दुसऱ्या दिवशी अधिकारी पिशवीत शाईचा पॅड घेऊन हजर. चहा गार व्हायच्या आत सगळं उरकलं. एवढंच होतं, तर इतके दिवस माझे जोडे का झिजवले?

अधिकारी येतील ती वेळ सकाळची ठेवा, सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) झाल्यावर, आणि झोपेचं औषध दिलेलं नसताना. सिस्टरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हो-नाही कसं करतात ते अधिकाऱ्याला आधी दाखवा. चेहऱ्याचे स्नायूही गेलेले असतील तर पापणी मिटत नाही, अशा वेळी नजर वर म्हणजे हो, बाजूला म्हणजे नाही. आम्ही आधी बाराखडीचा तक्ता केला होता. एक शब्द लिहीपर्यंत ते थकायचे. मग सरळ वाक्यं लिहिली: "कूस बदला", "पाय दुखतायत", "सक्शन", "पंखा", "दिवा बंद", "पैशांचं काय झालं". शेवटचं वाक्य त्यांनी मागून घातलं होतं.

यूपीआयबद्दल. खाली काहीजण सांगतील की त्यांचं बोट लावून फोन उघडा आणि पैसे वळवा. लोक करतात, मला माहीत आहे. मी करा म्हणणार नाही. पुढे भावकीत वाद झाला तर तुम्ही अडकाल. शाखेत काढलेली पावतीची एफडी तशीही बऱ्याचदा ऑनलाइन मोडत नाही. त्यांच्या सिमचं रिचार्ज मात्र संपू देऊ नका, सगळे ओटीपी तिथेच येतात.

आणि एक गैरसमज: एफडी दोघांच्या नावे "आयदर ऑर सर्व्हायव्हर" (दोघांपैकी कुणीही, किंवा मागे राहील तो) असली की सुटलो, असं नाही. मुदतीआधी मोडायची तर सहसा दोघांच्याही सह्या मागतात. बचत खातं तसं असेल तर एकाच्या सहीवर चालतं. म्हणून वाचणाऱ्या बाकीच्यांनी थोडे पैसे तरी जोड बचत खात्यात ठेवावेत. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून विषय काढायचा नाही, हे मला पटत नाही.

योजनांचंही बघा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता सगळ्या रेशनकार्डधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण हॉस्पिटल योजनेत असावं लागतं. आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) गाठा. हॉस्पिटल धर्मादाय असेल तर सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यातल्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी असतात. समाजसेवा अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय कुणी आपणहून सांगत नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडीकडे साथ आली आणि या आजाराचं नाव तरी लोकांना कळलं. आमच्या वेळी फॉर्म भरणारा मुलगासुद्धा मला स्पेलिंग विचारत होता.

आजाराबद्दल दोनच गोष्टी, न विचारता. एक, वाढत वाढत तो काही आठवड्यांत थांबतो, मग बराच काळ काहीच हलत नाही. तो काळ नातेवाइकांना सगळ्यात जड जातो. बहुतेक लोक पुढे चालायला लागतात, पण महिने लागतात, काहींना वर्षावर. दोन, पाऊल घोट्यातून खाली लोंबत राहू देऊ नका, फिजिओथेरपिस्टला स्प्लिंटबद्दल (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार) आजच विचारा. दर दोन तासांनी कूस बदलली जातेय ना, यावर लक्ष ठेवा. रात्रपाळीत ते राहून जातं, वॉर्डातल्या मावशींशी गोड बोलून ठेवा. गावाकडून कुणी मालिशवाला पाठवला तर आधी डॉक्टरांना विचारा.

बँक राष्ट्रीयीकृत आहे, सहकारी आहे की पतसंस्था, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पतसंस्था असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तिथे चालत नाही, तालुक्याच्या सहायक किंवा उपनिबंधकाकडे जावं लागतं आणि अर्जाची भाषाही बदलते. ते कळवा, आणि डॉक्टरांचं पत्र मिळालं का तेही. माझ्या अर्जाची प्रत अजून फाईलमध्ये आहे, नावं खोडून तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते.