खिडकी किती लहान होऊ द्यावी?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी मी जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतील, पडद्यावर खिडक्या-बटणे उभारण्याचा साधनसंच) ठेवनोंदणीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. खिडकी ओढून लहान केली की तळाचे ‘जतन करा’ बटण दिसेनासे होते. आकार कमी होताच तो पूर्ववत करणारा लिसनर (घडामोड झाली की आपोआप चालणारा कोड) लावला, तर खिडकी थरथरू लागते. मर्यादा कशी घालावी आणि कशी तपासावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लिसनरला आकार बदलल्याचे कळते ते बदल होऊन गेल्यावर. तोवर माउस खिडकी आत ओढत असतो आणि तुमचा कोड तिला बाहेर लोटत असतो; थरथर होते ती या ओढाताणीमुळे. तो लिसनर काढून टाकावा. जावा ६ पासून खिडकीला ‘सेटमिनिममसाइज’ ही किमान माप ठरवणारी मेथड (तयार आज्ञा) आहे, तीच वापरावी. तिला दिलेल्या मापात शीर्षकपट्टी आणि कडाही धरल्या जातात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खरी अडचण आकडा ठरवताना येते. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर विंडोजचे स्केलिंग (पडद्यावरील सारे मोठे करून दाखवण्याचे प्रमाण) १५० टक्के असेल, तर जावा ९ आणि पुढील आवृत्त्यांना तो पडदा साधारण ९११ × ५१२ एवढाच दिसतो. तुम्ही किमान उंची ६०० ठेवली असेल, तर बटण टास्कबारखाली जाईल आणि वापरणाऱ्याला खिडकी लहानही करता येणार नाही, म्हणजे मर्यादा नव्हती तेच बरे म्हणायची वेळ! म्हणून फॉर्म स्क्रोलपेनमध्ये (आतला मजकूर सरकवून पाहता येणाऱ्या चौकटीत) घालावा, बटणांची पट्टी त्याच्या बाहेर तळाशी ठेवावी आणि किमान उंची ४०० च्या आसपास आणावी. कमाल मर्यादेच्या फंदात पडू नये.

चाचणीत केवळ ‘सेटसाइज’ने (कोडमधून आकार ठरवणाऱ्या मेथडने) ३०० × २०० माप देऊन आकार तपासणे पुरेसे नाही. किमान मापापेक्षा लहान आकार जावा स्वतःच वाढवून घेते, त्यामुळे ती चाचणी उत्तीर्ण होणारच. हाताने ओढताना मर्यादा पाळली जाईल की नाही, हे मात्र त्या त्या प्रणालीवर अवलंबून असते. त्यासाठी माउस-कीबोर्ड कोडमधून चालवणाऱ्या जावाच्या ‘रोबॉट’ क्लासने माउस कडेवर नेऊन खिडकी खरोखर ओढावी, त्याच्याच ‘वेटफॉरआयडल’ने साऱ्या घडामोडी पार पडेपर्यंत थांबावे आणि मगच मोजमाप घ्यावे. बटणाचा ‘गेटव्हिजिबलरेक्ट’ (खिडकीत दिसणारा भाग) त्याच्या पूर्ण आकाराएवढा आहे ना, हे पाहावे. पण त्याला टास्कबार कळत नाही, म्हणून बटणाचे पडद्यावरील स्थानही ताडून पाहावे. हे सारे १००, १२५ आणि १५० टक्के अशा तिन्ही स्केलिंगवर करावे.