इको रिपोर्टमधले ६० टक्के

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे असून बरीच वर्षे रक्तदाबाची गोळी घेतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्यांचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला. रिपोर्टवर ‘एलव्हीईएफ ६० टक्के, माइल्ड टीआर, ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ असे लिहिले आहे. हृदय ४० टक्के निकामी झाले, असे समजून त्यांनी चाळीचे जिने उतरणेच बंद केले आहे. याचा नेमका अर्थ काय?
— एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : आधी सासऱ्यांना सांगा, की हा ६० चा आकडा अगदी चांगला आहे. टक्के म्हटले की आपल्याला परीक्षेचे गुण आठवतात, पण इथे १०० टक्के कोणाच्याच हृदयाला पडत नाहीत. हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा, म्हणजे एलव्ही, भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त मावते आणि प्रत्येक ठोक्याला त्यातले ७० मिलिलिटरच्या आसपास शरीराकडे ढकलले जाते. या प्रमाणालाच ईएफ म्हणतात. बाळाच्या औषधाचा रबरी ड्रॉपर कितीही दाबला तरी आत थोडे औषध राहतेच, तसे उरलेले रक्त कप्प्यात राहते. निरोगी माणसाचा ईएफ साधारणपणे ५५ ते ७० टक्के असतो. तो ४० किंवा त्याखाली गेला, तर हृदयाचा जोर कमी झाला असे डॉक्टर म्हणतात.

‘माइल्ड टीआर’ म्हणजे उजव्या बाजूच्या झडपेतून किंचित रक्त मागे येणे. ते धडधाकट माणसांतही सर्रास दिसते.

‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ हा शब्द मात्र उगाच धडकी भरवतो. ठोका देऊन झाल्यावर हृदयाचा स्नायू सैल पडतो आणि कप्पा पुन्हा भरतो. वयोमानाने व वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने हे सैल पडणे मंदावते, आणि ग्रेड १ ही त्याची सर्वांत सौम्य पायरी आहे. यावरचा मुख्य उपाय म्हणजे रक्तदाब आटोक्यात ठेवणे, त्यामुळे गोळी चुकवू नये. रिपोर्ट हातात देताना कोणी एवढे दोन शब्द बोलले असते, तर एक वृद्ध माणूस घरात कोंडून बसला नसता, याचे फार वाईट वाटते.

पूर्वी लागत नव्हता असा दम, पायांवर सूज, रात्री उशा वाढवून झोपावे लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काही असेल, तर लगेच डॉक्टरांकडे न्या. तसे काही नसेल, तर शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवताना जिन्यांविषयीही विचारा, आणि त्यांनी होकार दिला की सासऱ्यांना संध्याकाळी खाली फिरायला पाठवा.