पुडा उलटा करून बघा

प्रश्न : ताई, आमच्या ह्यांची शुगर मागच्या महिन्यात वाढलेली निघाली. मी लगेच साधी बिस्किटं बंद करून डायजेस्टिव्हचा पुडा आणला, वर गव्हाची ओंबी, 'हाय फायबर' लिहिलेलं आणि महागही. चहा बिनसाखरेचाच देते, पण हे त्यात बुडवून आरामात सहा खातात. सासूबाई म्हणतात, "हाई काय शे, बिस्कुट तं बिस्कुटच ना!" मागचं बारीक इंग्रजी वाचायला गेलं की डोकं फिरतं. नेमकं काय बघायचं? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : सासूबाईंचं बरंचसं बरोबर आहे हो! पुड्याची पुढची बाजू म्हणजे जाहिरात, ती सोडा, पुडा उलटा करा आणि आधी 'इन्ग्रेडियंट्स' म्हणजे आत काय काय घातलंय त्याची यादी शोधा. जे वजनाने सगळ्यात जास्त ते पहिलं लिहायचं असा नियम आहे, त्यामुळे पहिलंच नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल तर तो मैदा, ओंबी नुसती चित्रात. साखरही एकाच नावाने येत नाही, शुगर, इन्व्हर्ट सिरप, लिक्विड ग्लुकोज अशी तुकड्यातुकड्याने येते, म्हणून यादीत खाली खाली दिसते.

मग 'न्यूट्रिशन'चा म्हणजे पोषणाचा तक्ता. त्यात 100 ग्रॅमचा रकाना धरायचा, दोन पुड्यांची तुलना त्यावरच होते. 'पर सर्व्ह'वाला, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा आकडा छोटा दिसतो कारण त्यांचं सर्व्हिंग कधी दोनच बिस्किटांचं असतं, आणि दोनावर थांबणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. समजा 100 ग्रॅममध्ये ॲडेड शुगर म्हणजे वरून घातलेली साखर 20 ग्रॅम आहे आणि एक बिस्किट 12 ग्रॅमचं. सहा बिस्किटं म्हणजे 72 ग्रॅम, त्यात साखर 14 ग्रॅमच्या वर. चहाचा एक चमचा साधारण 4 ग्रॅमचा धरा, म्हणजे साडेतीन चमचे साखर बिनसाखरेच्या चहासोबत पोटात गेली!

आणि डायबेटिसवाल्यांनी नुसती शुगरची ओळ बघून भागत नाही, वरची 'टोटल कार्बोहायड्रेट'ची ओळ पण बघायची, कारण मैद्याचीही पोटात जाऊन साखरच होते. शुगर-फ्री बिस्किटात नेमकी हीच गंमत असते, साखर नाही पण मैदा आणि तेल आहे तेवढंच.

आपल्याकडे अजून एक भानगड म्हणजे मीठ. पुड्यावर ते 'सोडियम' म्हणून मिलिग्रॅममध्ये असतं, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा अंदाज येतो. शेवेच्या पाकिटावर 800 असेल तर 100 ग्रॅम शेवेत 2 ग्रॅम मीठ, आणि मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं 5 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. पापडात तर मीठ वेगळं आणि पापडखाराचं सोडियम वेगळं. आता शेवभाजी बंद करा असं मी खान्देशात राहून म्हणणार नाही, मार खाईन! पण सुटी शेव आणली तर लेबलच नसतं, तेव्हा रश्श्यात मीठ निम्मंच टाका, शेव पडल्यावर चव बघा, लागलं तर वरून घाला.

ह्यांना चहासोबत मूठभर फुटाणे देऊन बघा, खारे नाही, साधे. कुरकुर करतील दोन दिवस. आणि बिस्किट द्यायचंच झालं तर दोन बशीत काढून पुडा सासूबाईंच्या ताब्यात द्या.