पेशी दुभंगताना प्लाझ्मिड (जिवाणूतली डीएनएची सुटी, छोटी वर्तुळं) दोन्ही कन्यापेशींत आपोआप वाटले जातात ना? मग ते हरवतात कसे?

'आपोआप' वाचलं आणि राहवलं नाही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये याच शब्दापायी मी सगळ्या लॅबसमोर बोलणी खाल्ली आहेत.

काम ई. कोलाय या जिवाणूतल्या पीबीआर322 या प्लाझ्मिडवर होतं. ते ज्या पेशीत असतं, तीच अ‍ॅम्पिसिलिन या अँटिबायोटिकवर जगते. अ‍ॅम्पिसिलिन न घालता दहा दिवस रोज नव्या ब्रॉथमध्ये सबकल्चर केलं. मग साध्या प्लेटवरच्या 100 कॉलनी टूथपिकने उचलून अ‍ॅम्पिसिलिनच्या प्लेटवर टोचल्या. 23 उगवल्याच नाहीत. सर म्हणाले, "कंटॅमिनेशन. हाताला शिस्त नाही तुझ्या." त्या 23 ईएमबीवर (ई. कोलाय ओळखायचं माध्यम) रेघल्या तर सगळ्या हिरव्या चकाकल्या. ई. कोलायच होत्या. तरी सर हटेनात. त्यांचा हिशेब असा: पेशीत 20 प्रती, प्रत्येक इकडे जाईल नाहीतर तिकडे, म्हणजे एखादी कन्यापेशी रिकामी राहायची शक्यता सव्वापाच लाखांत एक.

हिशेब बरोबर, गृहीतक चूक. प्रती सुट्या असल्या तरच तो लागू पडतो. रीकॉम्बिनेशनने (सारखे डीएनए तुटून एकमेकांना जोडले जाण्याने) दोन प्रती जुळून एक मोठं वर्तुळ होतं, दोनाचे चार होतात. वीस प्रतींचे पाच गठ्ठे झाले की शक्यता 16 त 1! कोलई1 प्लाझ्मिडवर 'सेर' नावाची जागा असते, तिथे झेरसी आणि झेरडी ही प्रथिनं गठ्ठे सोडवतात. पीबीआर322 वर ती जागाच नाही.

उगवलेल्या कॉलन्यांचं मिनिप्रेप करून (प्लाझ्मिड वेगळं काढून) ते आकारानुसार वेगळं करणाऱ्या जेलवर चालवलं. न कापलेल्या डीएनएत नेहमीच्या पट्ट्यांच्या वर, विहिरीच्या बाजूला, आणखी पट्टे, म्हणजे मोठी वर्तुळं. प्रत्येक प्रत एकाच जागी कापणाऱ्या इकोआरआय एन्झाइमने कापलं की ते सगळे जाऊन 4361 बेसजोड्यांचा एकच पट्टा. सरांनी फोटो पाहिला, "बरं" म्हणाले, आणि प्रबंधात कंटॅमिनेशनच लिहायला लावलं.

ज्या प्लाझ्मिडांच्या एक-दोनच प्रती असतात, त्यांना नशिबावर सोडून चालत नाही. आर1 प्लाझ्मिड पारएम या प्रथिनाचे तंतू वाढवून आपल्या प्रती पेशीच्या दोन टोकांना ढकलतं. एफ प्लाझ्मिडकडे वाटपासाठी सोपए-सोपबी ही प्रथिनं आहेत, शिवाय सीसीडीबी हे विष. प्लाझ्मिड न मिळालेल्या पेशीत उतारा आधी नासतो, विष मागे उरतं आणि पेशी मरते.

हो, माझा स्ट्रेन रेकए (रीकॉम्बिनेशन घडवणारं प्रथिन) असलेला होता. डीएच5 अल्फासारख्या रेकए नसलेल्या स्ट्रेनमध्ये असे गठ्ठे सहसा होत नाहीत, तेव्हा आधी स्ट्रेन बघा. आणि गाइड कंटॅमिनेशन म्हणाले तर न कापलेलं प्लाझ्मिड जेलवर चालवा, फोटोवर तारीख घाला आणि तो प्रबंधात लावाच. माझा अजून फायलीत पडून आहे.