वाचक विचारतात : घरी शिकणारी मुलं आणि गणपतीतलं भरलेलं घर

प्रश्न : आमची दोन्ही मुलं (वय ७ आणि ११) घरीच शिकतात. गणपतीला मुंबईहून चुलते, आत्या, आजी-आजोबा मिळून पंधरा माणसं येतात. बॅगा खाली ठेवायच्या आधीच पाढे विचारायला सुरुवात होते आणि मुलं माळ्यावर जाऊन बसतात. काय करावं? — राजापूर

उत्तर : पाढ्यांमागचा खरा प्रश्न ‘दहावीचं काय?’ हा असतो. त्याचं उत्तर चतुर्थीच्या आधी, फोनवर, घरातल्या थोरल्या काकांना देऊन टाका. बाकीच्यांपर्यंत ते पोचवतात. सांगायचं इतकंच : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची, दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, मराठी माध्यमातूनही. पाच विषय सोडवायचे. लहानांसाठी त्याच संस्थेचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. याच्या पुढे शिक्षणपद्धतीवर बोलायला गेलात की आरती राहते बाजूला आणि वाद लागतो.

थोरल्याच्या हातात नारळाची आणि मोदकांची वही द्या. माणशी तीन, पंधरा माणसं, वर नैवेद्याचे २१, म्हणजे ६६ मोदक. एका वाटी पिठीचे दहा-अकरा होतात, तर पिठी किती लागेल? हा हिशेब आजोबांना तपासायला सांगा. धाकटीकडे फुलवाती आणि निरांजनं. पाहुण्यांसमोर मुलाला उभं करून काही ‘म्हणून दाखव’ मात्र करू नका. शाळेतल्या मुलालाही ते नकोसंच असतं.

प्रश्न : शेजारची चार आणि आमची दोन, अशी सहा मुलं आजीकडून उकडीचे मोदक शिकणार आहेत. गेल्या वर्षी पाऱ्या फाटल्या, काही मोदक वाफेत फुटले आणि आजी सोवळ्यावरून रागावल्या. — गुहागर

उत्तर : पारी फाटते ती बहुधा उकड गार झाल्यामुळे. मुलांच्या हातात एकेका मोदकाला पाच मिनिटं जातात, तोवर परातीतली उकड सुकते. म्हणून एका वेळी दोनच वाट्यांची उकड काढा. दोन वाट्या पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून उकळा. आच बारीक करून दोन वाट्या पिठी एकदम ओता, उलथन्याच्या दांड्याने ढवळा, गॅस बंद करून आठ-दहा मिनिटं झाकून ठेवा. मग परातीत काढून आधी वाटीच्या बुडाने रगडा, हाताला सोसवेल तेव्हा तेल-पाण्याच्या हाताने मळा. इथपर्यंतचं काम मोठ्यांचं. गोळा दाबून बघा : कडेला चिरा पडल्या तर अजून मळायची आहे. पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी वाटीमागे दोन चमचे जास्त लागतं. मळलेली उकड ओल्या फडक्याखाली ठेवा.

मोदक फुटतात ते सारणामुळे. तीन वाट्या ओल्या खोबऱ्याला दीड वाटी गूळ, मंद आचेवर दहाएक मिनिटं. गोळा होऊ लागला की उतरवा. पातळ राहिलं तर रस बुडातून बाहेर येतो, जास्त परतलं तर गार झाल्यावर खडा होतो. पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. मुलांना पाच-सहा कळ्या पुरे. अकरा-एकवीस कळ्यांचा हट्ट आजीने आपल्या मोदकापुरता ठेवावा. चाळणीत हळदीचं पान, त्यावर प्रत्येक मोदक पाण्यात बुडवून, एकमेकांना न चिकटता, दहा-बारा मिनिटं.

आठ वर्षांखालच्यांना पातोळ्या द्या. पिठी मीठ-पाण्यात दाटसर कालवून हळदीच्या पानावर बोटांनी पसरायची, मधोमध सारण, पान उभं दुमडून पंधरा मिनिटं वाफ. पान सहज सुटलं म्हणजे झाली. चिकटून आलं तर अजून कच्ची.

सोवळ्याचं भांडण असतं ते चाटलेल्या बोटांचं. मुलं येण्याआधीच नैवेद्याचं सारण वेगळ्या वाडग्यात काढून आजीजवळ ठेवा. तिचे २१ आधी होऊ देत, मग परात मुलांची. आणि आजीला पाटावर बसवू नका, खुर्ची-टेबल मांडा. तासभर गुडघे दुमडून बसल्यावर कोणाचाही आवाज चढतो.

प्रश्न : माटवी (गणपतीच्या वर टांगायची, रानफुला-फळांनी सजवलेली लाकडी चौकट) बांधायला मुलांच्या मित्रांना रानात नेलं तर चालेल? — कुडाळ

उत्तर : चालेल, पण झाडं ओळखणारं वडीलधारं माणूस सोबत हवंच. कळलावीचं फूल देखणं असलं तरी झाड सगळंच विषारी, कंद तर फारच. ती मोठ्यांनी तोडावी. कवंडळाचं लालभडक फळ मुलं हमखास तोंडाजवळ नेतात, ते खायचं नाही हे निघतानाच सांगा. तिरडा, शेरवड, आंब्याचे टाळ मुलांना तोडू द्या. परतल्यावर साबणाने हात धुवून मगच चहा-खाणं.

असोला (न सोललेला) नारळ आणि तवसं (मोठी काकडी) जड असतं, ते चौकटीच्या कोपऱ्यांवर, कडीजवळ बांधा. मधोमध टांगलं तर चौकट वाकते. केवणीच्या सालीची दोरी भिजवून वापरा, गाठ घट्ट बसते. स्टुलावर मोठी माणसं, खालून जिन्नस देणारी मुलं.

प्रश्न : शाळेत जाणाऱ्या मित्रांना नेमकं कोणत्या दिवशी बोलवावं? — देवगड

उत्तर : चतुर्थीला आणि गौरीच्या दिवशी नको, सगळीच घरं अडकलेली असतात. दुसऱ्या दिवशी चारनंतर बोलवा, पण घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर तो दिवस विसर्जनाचा, हे धरून चाला. ओळख मात्र श्रावणातच होऊ दे, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात. (घरी शिकणारी मुलंही या शाळेत आनंदाने जातात.) पाट द्यायला जाल तेव्हाच मूर्तिकारांना विचारून ठेवा. शाडू मळायला आणि साच्यात दाबायला ते सहसा हाताशी घेतात. शेवटच्या आठवड्यात, डोळ्यांची आखणी सुरू झाली की मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.