नवीन घरात १९७० च्या दशकातला कपडे वाळवायचा ड्रायर मिळालाय. मिस्टर म्हणतात भंगार आहे. घरीच दुरुस्त करून, रंग देऊन वापरता येईल का?

फेकू नका. एवढंच लिहून थांबले असते, पण 'मिस्टर म्हणतात भंगार आहे' हे वाचलं आणि राहवलं नाही.

आमचाही त्याच काळातला, केनमोर ब्रँडचा, फेसलेल्या मोहरीच्या रंगाचा. ओहायोतलं हे घर घेतलं तेव्हा तळघरात आधीपासून होता. २०१४ च्या गणपतीत तो ओरडायला लागला. आधी चिरका आवाज, मग थड-थड-थड. वर आरती चाललेली, वीस माणसं हॉलमध्ये. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, खाली म्युझियम काढलंय का? फेका ते भंगार." सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले. ते मी विसरलेले नाही.

मेकॅनिक बोलावला. त्याने झाकणही न उघडता 'नवीन घ्या' सांगितलं आणि नुसतं येण्याचे नव्वद डॉलर घेऊन गेला. नंतर मी ड्रम पेलणारे मागचे दोन रोलर, बेल्ट आणि तो ताणून धरणारी आयडलर पुली मागवली, तर सगळं मिळून तीसच्या आत! लिंटची, म्हणजे कपड्यांतून निघणाऱ्या तंतूंची, जाळी वरच्या झाकणातून ओढून काढायची असते ना, त्या २९ इंची मशीनचा सांगाडा व्हर्लपूलने कित्येक दशकं फारसा बदललाच नाही, म्हणून पार्ट मिळतात. तुमचाही केनमोर असेल आणि मॉडेल नंबर ११० ने सुरू होत असेल, तर तो व्हर्लपूलनेच बनवलेला.

नवरात्रात हे कामासाठी डॅलसला गेले आणि मी तो उघडला. जाळीजवळचे दोन स्क्रू काढले, पुढच्या कोपऱ्यांत पुट्टीची पट्टी घालून झाकण वर केलं, समोरचा पत्रा सोडवला, ड्रम बाहेर. आत एक उशी भरेल एवढं लिंट! रोलर झिजून एका बाजूने चपटे झालेले, थड-थड त्यांचीच. चिरका आवाज पुलीचा. बाकी मोटर ठणठणीत.

खरी परीक्षा बेल्टची. ड्रमखाली हात घालून, न बघता, तो पुलीखालून मोटरवर चढवायचा असतो. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, त्या बॅटरी धरून बसल्या. म्हणाल्या, "परकरात नाडी ओवतेस तशी ओव, बघू नकोस." आणि खरंच तशीच बसली. पण चालू केलं तर मोटर फिरते, ड्रम ढिम्म. बेल्टच्या रेघा ड्रमच्या बाजूला असाव्या लागतात, मी उलटा घातला होता. पुन्हा सगळं खोलणं. रात्री साडेअकराला तो फिरला, इतका गुपचूप की सासूबाईंनी विचारलं, "बंद पडला का गं?"

भाऊजींनी त्याच वर्षी सेन्सरवाला, गाणं वाजवणारा नवा ड्रायर घेतला. सहाव्या वर्षी त्याचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलं. बोर्डाच्या किमतीत माझ्यासारखे पाच ड्रायर दुरुस्त झाले असते. नव्या मशीनना नावं ठेवत नाही, पण जुन्यात बिघडायला आहेच काय? मोटर, बेल्ट, हवा तापवणारी कॉइल, दोन-तीन थर्मोस्टॅट, टायमर.

तुमचा फिरतो का, तापतो का, काहीच लिहिलं नाहीत. फिरतो पण तापत नाही असं असेल तर आधी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. मोटर १२० व्होल्टवर चालते, कॉइलला २४० लागतात, त्यामुळे ब्रेकरची एकच बाजू गेली तरी ड्रम मजेत फिरत राहतो आणि माणूस फुकट कॉइल बदलतो. तरी तापला नाही तर मल्टिमीटरने कॉइल बघा. ५,४०० वॅटची असेल तर साधारण ११ ओहम दाखवेल.

हो, आणि हे आधीच लिहायला हवं होतं: उघडण्यापूर्वी प्लग काढा. गॅसवरचा असेल तर माझं काही ऐकू नका, माणूस बोलवा. मोटरच जळली असेल तर मिस्टरांचं ऐका, पण त्यांना तसं सांगू नका. मागे गरम हवा बाहेर नेणारा पांढरा प्लॅस्टिकचा पाइप असेल तर तो आजच काढून चार इंची पत्र्याचा लावा, लिंटने आगी लागतात.

रंगाचं राहिलंच. त्या वर्षी खंडेनवमीला सासूबाईंनी ड्रायरला झेंडूची माळ घातली आणि हळदकुंकू लावलं. त्या पिवळ्यावर हळद दिसत नाही, कुंकवाचा डाग मात्र अजून आहे. मी रंग दिलेला नाही, तेव्हा ते दुसऱ्या कुणाला तरी विचारा.