ऑक्टेव्हिया बटलर यांच्याकडून काय घ्यावे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझी मंगळावरच्या वसाहतीची कथा वाचली. आपल्या अंगी प्रतिभा आहे की नाही हे कसे ओळखावे आणि नोकरी कधी सोडावी, असे तू सोबतच्या पत्रात विचारले आहेस. या दोन्ही प्रश्नांना मी सरळ उत्तर देणार नाही. त्याऐवजी ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन विज्ञानकथालेखिकेविषयी लिहितो, कारण तुझी कथा जिथे अडली आहे ती जागा त्यांच्या कामाच्या पद्धतीवरून तुला लवकर दिसेल.

बटलर यांचा जन्म १९४७ साली कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील बूटपॉलिश करीत आणि ते लवकर वारले, आई गोऱ्यांच्या घरी घरकाम करी. बाराव्या वर्षी दूरचित्रवाणीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार चित्रपट पाहून 'याहून बरी गोष्ट मी लिहीन' असे त्यांना वाटले, ही हकिगत सगळेच सांगतात. मला तिचे फारसे कौतुक नाही, कारण वाईट चित्रपट पाहून असे वाटणारे गल्लोगल्ली सापडतात. आईबरोबर कामाच्या घरी जाताना त्यांनी जे पाहिले ते मात्र मोलाचे आहे. आईला मागच्या दाराने आत जावे लागे, आणि घरातली माणसे तिच्यादेखत तिच्याविषयी असे काही बोलत की जणू तिला कानच नाहीत. मागच्या दाराचा अर्थ आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. आई हे सगळे मुकाट्याने सोसते, याची त्या लहान मुलीला लाज वाटे.

पुढे महाविद्यालयात एक सहाध्यायी भेटला. आपल्याला इतकी वर्षे मागे ठेवणाऱ्या या जुन्या पिढीला मारून टाकावेसे वाटते, पण सुरुवात स्वतःच्या आईवडिलांपासून करावी लागेल, असे तो म्हणाला. त्याला आपल्या समाजाचा इतिहास पुष्कळ पाठ होता, पण तो अंगाला लागलेला नव्हता, हे बटलर यांना जाणवले. आईने मान खाली घातली म्हणूनच आपल्या ताटात अन्न आले, हे तोवर त्यांना कळून चुकले होते. तेव्हा त्यांनी स्वतःला प्रश्न घातला: आजच्या मनाचे माणूस उचलून गुलामगिरीच्या काळात नेऊन ठेवले, तर ते तिथे कसे तगेल? १९७९ साली प्रसिद्ध झालेली 'किंड्रेड' ही कादंबरी या प्रश्नातून आली.

आता त्यांनी पुढे काय केले ते नीट पाहा. आधी त्यांनी नायक पुरुष योजला होता, परंतु लिहू लागल्यावर ध्यानात आले की मालकाच्या नजरेला नजर देणारा कृष्णवर्णीय पुरुष त्या काळात जिवंतच राहणार नाही आणि कथा दोन पानांत संपेल. म्हणून नायिका आली, डेना. हा बदल धोरण म्हणून केलेला नव्हता, वस्तुस्थितीनेच तो करायला लावला. मग त्या लांब पल्ल्याच्या बसने, जिथे एकेकाळी गुलामगिरी होती त्या मेरीलँड राज्यात गेल्या, बाल्टिमोरच्या ग्रंथालयात बसून गुलामांनी सांगितलेल्या आत्मकथा वाचल्या आणि अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा माउंट व्हर्नन हा गुलामांकडून कसवला जाणारा मळा पाहून आल्या. तिथले वाटाडे गुलामांचा उल्लेख 'नोकर' असा करीत, हे त्यांनी टिपून ठेवले. वाचलेले सगळेच कादंबरीत घालता येणार नाही, घातले तर कोणी पुढे वाचणार नाही, हे ओळखून त्यांनी क्रौर्य बरेच सौम्य केले. डेना भूतकाळात कोणत्या यंत्राने जाते, हे कादंबरीभर कुठेही सांगितलेले नाही. त्यात विज्ञान नाही म्हणून हे पुस्तक विज्ञानकथा नव्हे, असे त्या स्वतःच सांगत.

या प्रवासाला पैसे हवेत म्हणून त्यांनी 'सर्व्हायव्हर' ही आधीची कादंबरी पुरती मुरण्याआधीच विकली. ती त्यांना पुढे इतकी नावडली की त्यांनी तिची पुढची आवृत्ती काढू दिली नाही. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण चांगल्या पुस्तकाचा खर्च कधी कधी दुसऱ्या पुस्तकाला सोसावा लागतो, आणि नोकरी सोडण्याचा विचार करताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

नोकऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो. १९७० साली क्लॅरियन येथील लेखन कार्यशाळेनंतर त्यांच्या दोन कथा विकल्या गेल्या, आणि पुढची पाच वर्षे एकही नाही. त्या काळात त्यांनी भांडी धुतली, फोनवरून माल विकला, बटाट्याच्या वेफर्सची तपासणी केली, आणि रात्री दोनला उठून लिहिले. तू दोनला उठू नकोस, तुझी प्रकृती मला ठाऊक आहे. पण स्फूर्तीपेक्षा सवय भरवशाची आणि प्रतिभेपेक्षा शिकत राहणे कामाचे, असे त्यांनी नवोदितांना लिहून ठेवले आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नावर याहून बरे उत्तर माझ्यापाशी नाही. १९९५ साली त्यांना मॅकआर्थर ही अमेरिकेतली मोठ्या मानाची पाठ्यवृत्ती मिळाली, विज्ञानकथालेखकाला ती मिळण्याची ती पहिलीच वेळ. आपण सर्वाधिक खपाच्या लेखिका होणार, असे त्यांनी १९८८ साली वहीत लिहिले होते. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या सर्वाधिक खपाच्या यादीत त्यांचे पुस्तक आले ते २०२० साली, निधनानंतर चौदा वर्षांनी.

तुझ्या कथेत वसाहतीचे घुमट, नळ आणि दाबाचे आकडे चोख आहेत, पण पाणी सोडणारा माणूस मात्र नुसता कळ दाबतो. तू ज्या शहरात राहतोस तिथे दिवसाआड पाणी येते. तेव्हा तुमच्या भागातल्या व्हॉल्व्हमनबरोबर एक आठवडा पहाटे फिर. कोणत्या गल्लीची चावी तो आधी फिरवतो, कोणाचा फोन आला की दहा मिनिटे जास्त देतो, शिव्या कोण घालते, चहा कोण पाजते आणि तो कोणाच्या दारात जायचे टाळतो, हे वहीत उतरव. त्यानंतर तुझ्या नायकाला पुन्हा त्या कळीपाशी उभा कर. नायक बदलावा लागला तर बेलाशक बदल. नवा खर्डा दिवाळीआधी पाठवलास तर मला सवडीने वाचता येईल. घरी सर्वांना नमस्कार सांग.